मंजिरीचे दात

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातल्या आपल्या काटेदुरुस्तीच्या दुकानात तुकोजी इंगळे एका किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा उघडून बसला होता. सांडलेल्या साखरेपायी आत मुंग्यांनी घर केलं होतं. ब्रशने तो त्या झाडत असताना शेजारच्या शालिनीताईंचा फोन आला.

"तुकोजीराव, घरी या. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"तुम्ही या तर आधी. अनसूया उठत नाहीये."

तुकोजीने काट्याचं झाकण बसवलं, स्क्रू पिळले, ते घट्ट झाले का ते बोटाने चाचपून पाहिलं. पुढे पुष्कळ दिवस त्याला हेच आठवत राहिलं, की फोन आल्यावर आपण आधी स्क्रू पिळले. तो दुकानातून बाहेर पडला तेव्हा शेजारी ताडपत्र्या विकणाऱ्या दौलतसिंहने बसल्या जागेवरून विचारलं, "कहाँ चल दिए भाईसाहब, भरी दोपहर में?"

"घर. घरवाली सोकर नहीं उठ रही."

"अरे, तो सोने दो बेचारी को!" दौलतसिंह हसला. मग त्याचं तुकोजीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. तो उठला, तुकोजीच्या दुकानाचं शटर त्यानेच ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली तुकोजीच्या खिशात टाकली.

खासगी बाजार नावाच्या वस्तीतल्या घरी जिन्याच्या वरच्या पायरीवर मंजिरी बसली होती. मंजिरी त्याच्या मुलीची मुलगी, चार वर्षांची. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू या, आबा. आजी सो रही है."

जेवणं झाल्यावर नातीला जवळ घेऊन अनसूया आडवी झाली होती. मंजिरी झोपून उठली, आजीच्या बांगड्यांशी खेळली, मग कंटाळून जिन्यात येऊन बसली. शालिनीताई विरजण मागायला आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी कानातल्या नळ्या काढल्या, "काफी देर हो गई है," म्हणाले आणि तुकोजीला पाणी द्यायला सांगितलं. तुकोजी पाणी प्यायला. पिताना त्याला कळलं, की आपल्याला तहान लागली होती. ओट्यावर पातेल्यात संध्याकाळसाठी मूग भिजत घातलेले होते. आता ह्या मुगांचं काय करायचं, एवढंच त्याच्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही.

तो रडला नाही. लोक म्हणाले, रडून घ्या, मोकळं वाटेल. त्याला बांधल्यासारखंही वाटत नव्हतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि हेमांगीने विषय काढला. हेमांगी त्याची एकुलती एक मुलगी. ती आणि तिचा नवरा दिग्विजयसिंह दोघेही नोएडात नोकरीला. दोघांच्या कामाच्या वेळा अशा, की पोरीला सांभाळायला घरी कोणी नाही. म्हणून दोन वर्षांपासून मंजिरी ग्वाल्हेरला आजीजवळ होती, आणि हेमांगी सुट्टी मिळेल तशी शनिवारच्या गाडीने येत होती.

"बाबा, मी मंजूला घेऊन जाते."

"कुठे ठेवशील?"

"सोसायटीच्या जवळ पाळणाघर आहे ना एक."

"तिथं जागा नाही म्हणत होतीस."

"नाव लावलंय. होईल कधी ना कधी."

"मग होईपर्यंत राहू दे इथंच."

"तुम्हाला जमेल? तुम्ही स्वतःचा चहा तरी केलाय का कधी, बाबा?"

"करीन."

हेमांगी बापाकडे बघत राहिली. बापाने असं काही मागितल्याचं तिला आठवत नसावं. "बरं," ती म्हणाली. "पण आधीच सांगून ठेवते. मला जरा जरी वाटलं ना, की पोरीचे हाल होऊन राहिलेत, तर मी पाळणाघर-बिळणाघर काही बघणार नाही. उचलून घेऊन जाईन."

"ठीक."

मंजिरी राहावी असं त्याला वाटत होतं, त्यामागे काही मोठा विचार नव्हता. ती घरात असली की कोणीतरी काहीतरी मागायचं आणि ते द्यायला त्याला उठावं लागायचं. ती नसती तर आपण उठलो असतो का, हे त्याला सांगता आलं नसतं.

जाण्याआधी हेमांगीने त्याला सगळं समजावून सांगितलं. अंघोळीचं पाणी किती कोमट, वेणी कशी घालायची, कुठला फ्रॉक टोचतो. मग फडताळातली तपकिरी बाटली दाखवली. "आणि हे रक्ताचं औषध. लोह आहे ह्यात. संध्याकाळी एक चमचा, चुकवू नका. तिचं रक्त कमी आहे, अजून बरेच महिने द्यायचंय."

"एक चमचा," तुकोजी म्हणाला.

त्याने ते चुकवलं नाही. पहिल्या दिवशी चमचा पुढे केल्यावर मंजिरीने तोंड फिरवलं. "कडवा लगता है." मग त्याने औषध कपभर दुधात ढवळलं. दूध तपकिरी झालं.

"चॉकलेटवालं दूध!" मंजिरी म्हणाली.

"हो. चॉकलेटवालं."

ती ते हळूहळू प्यायची. एक घोट घ्यायची, तो तोंडात खेळवायची, पुढच्या दातांमधून परत कपात सोडायची, हसायची, पुन्हा प्यायची. तुकोजी समोर बसून राहायचा. त्याला घाई नव्हती. दिवसा तो तिला दुकानात घेऊन जायचा. ती पितळी वजनांची आगगाडी करायची, दौलतसिंहच्या ताडपत्रीखाली लपायची. पोळ्या शालिनीताईंकडची बाई करून द्यायची, वरण-भात तो कुकरला लावायचा. वेणी त्याला जमत नव्हती, ती शालिनीताई घालायच्या. दिवस जात होते. तेराव्यातच रजा संपल्याने हेमांगी दिवाळीला आली नाही, आणि दिवाळी कधी गेली ते त्याला कळलं नाही. थंडी पडली तेव्हा शेजारणीने सांगितलं म्हणून त्याने पोरीचा स्वेटर काढला.

शालिनीताई शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण होत्या आणि बोलण्यात कोणाची भीड ठेवणाऱ्या नव्हत्या. एके सकाळी त्या वाटीत भाजी घेऊन आल्या, मंजिरीला त्यांनी गुदगुल्या केल्या, ती खदखदून हसली, आणि वाटी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"तुकोजीराव, पोरीचे दात बघितलेत?"

"काय झालं दातांना?"

"काय झालं काय! काळे पडलेत की. एकदम काले. रोज समोर असते ना तुमच्या?"

तुकोजीने मंजिरीला खिडकीपाशी नेलं, ओठ वर करून पाहिलं. वरचे पुढचे दात हिरड्यांपाशी काळेकुट्ट होते, खाली येता येता तपकिरी. खालच्या दातांवरही रेघा होत्या. रोज तोच तिला भरवत होता, तोच तिच्या हातात ब्रश देत होता. दात एका रात्रीत असे झाले नसणार. गेल्या कित्येक दिवसांत आपण कशाकडेच नीट पाहिलेलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

"तिळाची गजक-बिजक देता का फार?"

"मागते तेव्हा देतो."

"मग किडले. दुधाचे दात, लवकर किडतात. आता हेमांगीने बघितलं म्हणजे झालं."

त्या सहज बोलल्या आणि भाजी ठेवून गेल्या. तुकोजी मात्र तिथेच उभा राहिला. हेमांगीने बघितलं तर काय होणार, ते त्याला माहीत होतं.

त्याने गजक बंद केली. बाजारातून लाल दंतमंजन आणलं. त्याने काही फरक पडला नाही.

तुकोजीकडे काटे दुरुस्तीला यायचे तशी जुनी पितळी वजनंही यायची. जवाहिऱ्यांची, अत्तरवाल्यांची. ती काळी पडलेली असायची. अर्धं लिंबू मिठात बुडवायचं, वजनावर चोळायचं, काळं निघतं आणि खाली पिवळंधमक पितळ दिसतं. हे काम तो बापाच्या दुकानात शिकला होता आणि त्याचे हात ते न बघता करत. त्या दिवशीही एक वजन असंच त्याच्या हातात उजळलं. तो त्याच्याकडे बघत बसला. घरी जाताना त्याने दोन लिंबं घेतली.

"तोंड उघड, मंजू."

"का?"

"दात चकाचक करू."

तिने विश्वासाने तोंड उघडलं. त्याने मिठात बुडवलेलं लिंबू बोटाने दातांवर चोळलं.

"आबा, जळतंय!"

"थोडं सोस. झालंच."

काळं थोडं फिकं झाल्यासारखं त्याला वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशीही त्याने चोळलं, जरा जोर लावून. मंजिरी रडली. त्याच्या पुढच्या दिवशी तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्याने हात बाजूला केले आणि बोट आत घातलं, आणि बाहेर काढलं तेव्हा बोटाला रक्त होतं. त्याने लिंबू मोरीत टाकलं. हात धुतले. मंजिरी पलंगाखाली जाऊन बसली होती, तिला त्याने बाहेर यायला सांगितलं नाही. तो खाली जमिनीवर टेकून बसला.

त्यानंतर मंजिरी हसेनाशी झाली. घास छोटा घ्यायची, बोलली तर ओठ मिटूनच बोलायची. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, हेमांगीचा व्हिडिओ कॉल यायचा होता.

"मंजू, आपण एक खेळ खेळू," तुकोजी म्हणाला. "आईचा फोन आला ना, की तोंड बंद ठेवायचं. अजिबात उघडायचं नाही."

"उघडलं तर?"

"हरलीस."

"आणि नाही उघडलं तर मी जिंकले?"

"हो."

फोन आला. हेमांगी पडद्यावर दिसली, मागे ऑफिसची भिंत. "मंजू! काय खाल्लंस गं आज?"

मंजिरीने मान हलवली.

"अगं, बोल ना. भात खाल्लास?"

"म्म."

"बाबा, ही बोलत का नाहीये?"

"खेळतीये."

"कसला खेळ?"

"चूप राहायचा."

"मला ही नीट नाही वाटून राहिली. माझ्याकडे बघत पण नाहीये. बाबा, मी शनिवारी येते."

"ये की."

फोन बंद झाल्यावर मंजिरीने त्याची बाही ओढली. "मी जीत गई ना, आबा?"

"हो."

"मग गजक द्या."

तो उठला नाही. गजक घरात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनीताईंना हे कळलं. मंजिरीनेच सांगितलं, मिटल्या ओठांनी, जिंकल्याच्या ऐटीत. शालिनीताईंनी तुकोजीला दारातच धरलं.

"आज दुकान बंद ठेवा. पाटणकर बाजारात माझी दातांची डॉक्टरीण आहे, गरिमा म्हणून. लहान मुलांचं पण बघते. जा घेऊन पोरीला."

"उद्या हेमा येतीये."

"म्हणूनच म्हणते ना! लपवून काय होणार आहे? दात काय खिशात ठेवायची वस्तू आहे? माझी आहे म्हणा, मी ठेवते." शालिनीताईंनी आपली कवळी जिभेने सरकवून दाखवली. मंजिरीला हसू आलं, पण तिने लगेच तोंडावर हात धरला. शालिनीताईंनी ते पाहिलं आणि मंजिरीच्या चपला आणून दारात ठेवल्या.

दवाखाना एका साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर गरिमा तरुण होती. मंजिरी खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना. डॉक्टरने जबरदस्ती केली नाही. छोटा आरसा तिच्या हातात दिला आणि आपलं तोंड उघडून म्हणाली, "पहले तुम मेरे गिनो. कोई कम तो नहीं है?" मंजिरीने मोजायला सुरुवात केली, सातनंतर अडकली, आणि मग डॉक्टरने तिला तिचे मोजू का विचारलं. तिने तोंड उघडलं.

डॉक्टरने दिवा खाली घेतला. एका बारीक हत्याराने एका काळ्या दातावर अलगद खरवडलं.

"सड़े नहीं हैं," ती म्हणाली. "दाँत बिलकुल ठीक हैं. ऊपर का दाग है. पर ये मसूड़े कैसे छिल गए?"

"नींबू-नमक लगाया था मैंने," तुकोजी म्हणाला. "पीतल उसी से साफ होता है."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. "बाबूजी, ये पीतल नहीं है. नींबू से तो दाँत की ऊपरवाली परत ही घुल जाती है."

"हाँ."

"खून की दवा चल रही है इसकी? आयरन की?"

"चल रही है."

"कैसे पिलाते हैं?"

"दूध में मिलाकर."

"तभी. वही जम रही है दाँतों पर. और दूध में तो उसका पूरा फायदा भी नहीं मिलता. कब से दे रहे हैं?"

"मैं दिवाली के पहले से. उसके पहले इसकी नानी देती थी."

"तब दाग नहीं थे?"

"नहीं."

"वो कैसे देती थीं?"

तुकोजीने मंजिरीकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. तो दुकानातून घरी यायचा तेव्हा अनसूया आणि मंजिरी स्वयंपाकघरात असायच्या, आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि तो पेपर उघडायचा. आत काय चालतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"आजी तो ऐसे देती थी," मंजिरी खुर्चीतून म्हणाली. तिने मान मागे टाकली, एका बोटाने गाल बाजूला ओढला आणि दुसरं बोट आत लांब घातलं. मग बोट काढून म्हणाली, "यहाँ पीछे. नळीने. फिर मोसंबी का रस. फिर आजी उंगली पे गीला कपड़ा लपेटके सब दाँत पोंछती थी. कुर्र-कुर्र आवाज आती थी."

"शाबाश!" डॉक्टर म्हणाली. "आपकी आजी तो मुझसे भी होशियार हैं. ऐसे ही देना है, बाबूजी. दवा बंद नहीं करनी, बस तरीका यही रखिए."

तुकोजीने नातीला विचारलं, "मग तू मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही विचारलं कुठे?" मंजिरी म्हणाली. "और चॉकलेटवालं दूध चांगलं लागत होतं."

काळे डाग घासून निघतील, थोड्या वेळाचं काम आहे, असं डॉक्टरने सांगितलं. पण हिरड्या सोललेल्या असताना हात लावला तर पोरगी जन्मभर दवाखान्याला भिईल. पुढच्या शुक्रवारी, सकाळी अकराला. "और इसकी आजी को साथ ले आइएगा. बच्ची उनके पास आराम से बैठेगी."

"वो नहीं आ पाएगी," तुकोजी म्हणाला.

खाली उतरल्यावर त्याने औषधाच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज घेतली आणि हातगाडीवरून मोसंब्या. मोसंबीवाला वजन करत होता. तुकोजीची नजर नेहमीप्रमाणे काट्यावर गेली नाही. त्याला आठवलं, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खिळ्याला एक पांढरं फडकं वाळत असायचं, गंजासारख्या डागांचं. ते समई पुसायचं असेल असं त्याला वाटायचं. तेराव्याच्या आदल्या दिवशी घर आवरताना त्यानेच ते कचऱ्यात टाकलं होतं.

संध्याकाळी मंजिरीने त्याला शिकवलं.

"असं नाही, आबा. गाल खींचो. अजून. आता मागे."

"इथं?"

"अजून मागे. हां. आता सोडा."

तिने गिळलं, मोसंबीचा रस प्याली आणि फडक्यासाठी तोंड उघडून बसली. "आजीचं नरम होतं," तिने बजावलं. तुकोजीने अनसूयाचं कपाट उघडलं. वरच एक विटलेलं सुती पातळ होतं. ते त्याने हातात घेतलं, काठ धरला, आणि परत घडी करून ठेवलं. मग आपला जुना बनियन फाडला, बोटाला गुंडाळला, पाण्यात भिजवला आणि एकेक दात पुसला, हिरडीला लागणार नाही असा.

"आवाज नाही आला," मंजिरी म्हणाली.

"डाग निघाले की येईल."

शनिवारी हेमांगीने दारात पाऊल ठेवलं, आणि मंजिरी धावत जाऊन तिच्यासमोर आ वासून उभी राहिली. "आई, बघ! काले-काले! पण सड़े नाहीयेत!"

हेमांगीच्या हातातली पिशवी खाली पडली. "बाबा! हे काय?"

तुकोजीने सगळं सांगितलं. उभ्यानेच. दूध, लिंबू, रक्त, डॉक्टर काय म्हणाली ते. शेवटी फोनवरचा खेळही सांगितला. तो सांगितला नसता तरी चाललं असतं, पण सांगताना तो मध्ये थांबू शकला नाही.

"तुम्ही तिला तोंड बंद ठेवायला लावलं? माझ्यासमोर?"

"हो."

"का पण?"

"तू घेऊन गेली असतीस."

हेमांगी खुर्चीवर बसली. चपला तिने काढल्या नव्हत्या. "आणि आई कसं द्यायची औषध?"

तुकोजीने सिरिंज आणली, गाल कसा ओढायचा ते स्वतःच्या गालावर दाखवलं, फडकं बोटाला गुंडाळून दाखवलं. हेमांगी बघत होती. "मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "मी तर बस बाटल्या आणून ठेवत होते. तुम्हाला पण मीच सांगितलं, एक चमचा." आणि ती रडायला लागली. आई गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती, तेव्हा तिला पाहुण्यांचं बघायचं होतं. मंजिरी तिच्या मांडीवर चढून बसली. तुकोजी आत गेला आणि त्याने चहा टाकला.

चहा पिऊन हेमांगी म्हणाली, "साखर फार झाली."

"पुढच्या वेळी कमी घालीन."

"बाबा, मी तिला नेते."

तो कपबशा उचलत होता, थांबला.

"दातांसाठी नाही," हेमांगी म्हणाली. "दात काय, ते तर माझ्या हातून पण झालं असतं. पण तिला जळत होतं, दुखत होतं, आणि तिने आईला सांगायचं नाही, हे तुम्ही तिला शिकवलंत. त्याच्यासाठी नेते."

ती रागाने बोलत नव्हती. तुकोजीला वाटलं होतं, ही वेळ आली की आपण काहीतरी म्हणू. त्याने कपबशा एकात एक ठेवल्या. मुलगी बरोबर बोलत होती.

"ठेवशील कुठे?"

"दिग्विजय रात्रपाळी मागून घेतोय. दिवसा तो घरी, संध्याकाळी मी. होईल कसंतरी."

"तिच्या हिरड्या अजून नाजूक आहेत. आणि शुक्रवारी डॉक्टरने बोलावलंय. डाग काढायला."

"तिकडे काढून घेऊ, बाबा."

रविवारी दुपारच्या गाडीला तो त्यांना सोडायला गेला. सिरिंज, बनियनच्या फाडून धुतलेल्या पट्ट्या आणि उरलेल्या मोसंब्या त्याने एका पिशवीत घालून दिल्या. मंजिरीने खिडकीच्या गजांना नाक लावलं.

"आबा, तुम्ही पण चला ना."

"दुकान आहे ना, मंजू."

"दौलत अंकल बघतील."

"त्यांना काटे येत नाहीत."

"मग शिकवा त्यांना," मंजिरी म्हणाली, आणि गाडी हलली.

सोमवारी त्याने दुकान वेळेवर उघडलं. दौलतसिंहने विचारलं, "छोटी सवारी कहाँ है?" तुकोजीने सांगितलं, आईकडे गेली. दौलतसिंहने त्याला चहा पाजला. संध्याकाळी हेमांगीचा कॉल आला तेव्हा मंजिरी पडद्यात घुसून तक्रार करत होती, "आबा, आईला येतच नाही! आगे ही डाल देती है!" तुकोजीने फोनवरून सांगितलं, गाल आणखी ओढ, मागे, आणखी मागे. मायलेकींचं भांडण ऐकत तो फोन धरून बसला होता. मग त्यांचं काम झालं आणि त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी तो अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पाटणकर बाजारात गेला. जिना चढून बाकावर बसला. अकराला आतून मंजिरीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तो उठून एकटाच आत गेला.

"बच्ची कहाँ है, बाबूजी?" डॉक्टर गरिमाने विचारलं.

"नोएडा गई. अपनी माँ के पास."

"अच्छा. तो वहीं करवा लेंगे." तिने हातमोजे घातलेले होते, ते ती काढायला लागली. मग थांबून म्हणाली, "फोन कर देते, इतनी दूर आने की क्या जरूरत थी?"

"आपने आज की तारीख दी थी," तुकोजी म्हणाला.

डॉक्टरने हातमोजे काढून ठेवले. तिने त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही, बाहेर दुसरी मुलं थांबली होती. खाली येऊन तो टोपी बाजाराकडे चालू लागला. वाटेत त्याने हेमांगीला फोन केला. ती कामात होती. ह्या आठवड्यात रजा मिळणार नाही, म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघते.

मंजिरीच्या दातांवरचे डाग अजून काढायचे राहिले होते.